बिटलॉकरची ड्राइव्ह लिनक्सवर उघडताना

विंडोजमध्ये बिटलॉकरने (ड्राइव्हवरची माहिती पासवर्डशिवाय वाचता येऊ नये म्हणून असलेली विंडोजची सोय) कुलूपबंद केलेली एक्स्टर्नल हार्ड डिस्क लिनक्सवर उघडता येते, आणि तेही फारशी खटपट न करता. लिनक्सवर अशा कुलूपबंद ड्राइव्ह उघडणाऱ्या क्रिप्टसेटअप या प्रोग्रामला 2020 मधल्या 2.3 आवृत्तीपासून बिटलॉकर वाचता येतं. त्यामुळे उबंटू, फेडोरासारख्या लिनक्सच्या प्रकारांत बहुधा फाइल मॅनेजरमध्ये ड्राइव्हवर क्लिक केलं की थेट पासवर्डची खिडकी येते. पासवर्ड आठवत नसेल, तर बिटलॉकर लावताना मिळालेली 48 अंकी रिकव्हरी की मधल्या रेघांसकट टाका.

ड्राइव्ह आधी विंडोजमधून नीट ‘इजेक्ट’ केलेली असावी, नाहीतर ती फक्त वाचण्यापुरती उघडेल किंवा उघडणारच नाही.

उलट प्रवास मात्र त्रासाचा. लक्सने (लिनक्सची बिटलॉकरसारखी सोय) कुलूपबंद केलेली ड्राइव्ह विंडोजला जोडली की ‘फॉरमॅट करायची का?’ असं अगदी साळसूदपणे विचारलं जातं. तिथे ‘कॅन्सल’च दाबा! मॅकवर बिटलॉकर ड्राइव्ह लावली तर ‘इनिशियलाइज’चं बटण दिसतं, त्यालाही हात लावू नका. मॅकमध्ये बिटलॉकरची अंगभूत सोय नाही, वेगळं सॉफ्टवेअर घ्यावं लागतं.

तिन्हीकडे वापरायची नवी ड्राइव्ह असेल, तर सरळ व्हेराक्रिप्ट (तिन्हीकडे चालणारं कुलूपबंदीचं सॉफ्टवेअर) वापरा आणि आतली फाइल सिस्टिम, म्हणजे फाइल साठवण्याची पद्धत, तिन्हीकडे चालणारी एक्सफॅट ठेवा.