जंगलातल्या कुरणात किती गुरं चरतील? हिशेब असा करा

'हेक्टरी अमुक गाई' हा ठोकताळा सपाट, उघड्या माळाचा. झाडांखाली तो लावू नका.

गरज काढणं सोपं आहे: जनावराला रोज वजनाच्या साधारण अडीच टक्के कोरडा चारा लागतो, दुभतीला तीन टक्क्यांपर्यंत. म्हणजे 400 किलोची गाय रोज 10 किलो खाते.

खरी गोम मोजणीत आहे. गवताची वाढ संपत आली की, गुरं सोडण्याआधी, लोक एक मीटर बाय एक मीटरची चौकट घेऊन निघतात आणि गवत छान माजलेलं दिसेल तिथेच ती टाकतात. हा शुद्ध वेडेपणा आहे. आधी जंगलाचे तीन भाग पाडा: मोकळी जागा, विरळ सावली, दाट सावली. प्रत्येकाचं क्षेत्र वेगळं लिहा. मग प्रत्येक भागात सरळ रेषेत चालत दर 50 पावलांनी चौकट टाका. खडकावर पडली? शून्य लिहा, सरकवायची नाही. गुरं तोंड लावत नाहीत ती झुडपं सोडून बाकी जमिनीलगत कापा, वाळवा आणि वजन घटायचं थांबलं की मगच आकडा घ्या. दाट सावलीतलं गवत दिसतं हिरवंगार, पण वाळल्यावर मुठीत मावतं. प्रत्येक भागातल्या चौकटींच्या सरासरी ग्रॅमला दहाने गुणलं की त्या भागाचे हेक्टरी किलो मिळतात.

समजा 100 हेक्टर आहेत. मोकळे 30 (हेक्टरी 1500 किलो), विरळ 50 (600), दाट 20 (100). एकूण 77,000 किलो. फक्त मोकळ्यातला आकडा सगळीकडे लावणारा दीड लाख धरतो!

यातून चढ वजा करा. 10 ते 30 टक्के चढावर 30 टक्के काट, 30 ते 60 वर 60 टक्के, त्यापुढे काहीच धरू नका. पाणवठा दीड किलोमीटरपेक्षा लांब असेल तर त्या भागाचं निम्मं, तीनच्या पुढे शून्य. विरळातले 20 हेक्टर 40 टक्के चढाचे निघाले, तर 7,200 किलो गेले.

उरलेल्या 69,800 पैकी 25 टक्केच गुरांचे. निम्मं गवताच्या मुळांसाठी राखायचं. बाकीच्यातलं निम्मं तुडवण्यात, शेणात, किड्यांत जातं. 'निम्मं चरू द्या' म्हणणारे हा दुसरा भाग सोयीस्कर विसरतात. हाती 17,450 किलो.

भागिले गाईचे रोजचे 10 किलो, भागिले चराईचे, समजा, 120 दिवस: 14 गाई. पाऊस कमी झाला तर चौकट पुन्हा टाका. गेल्या वर्षीचा आकडा चालणार नाही.