गोंधळात कोणतं पद कधी घ्यायचं

आमच्या देवीच्या गोंधळाच्या फडात नवा मुलगा आला की पहिल्या आठवड्यातच विचारतो, "किती पदं पाठ लागतात?" मी त्याला पहिलं वर्ष झील धरायला लावतो. नाईक गातो आणि झीलकरी मागून पदाची ओळ ओढतो, एवढंच काम. पण तिथे उभं राहिल्यावर दिसतं, की नाईक गाता गाता सारखा चौकाकडे, म्हणजे देवीच्या पूजेच्या मांडणीकडे, आणि माणसांकडे बघत असतो. पुढचं पद तो तिथूनच उचलतो.

मी गोंधळ्यांच्या घरातला. चुलत्यांच्या मागे झील धरून शिकलो. पदं पाठ व्हायला मला फार दिवस लागले नाहीत. कोणतं पद कुठे घ्यायचं, हे कळायला मात्र दहा-बारा वर्षं गेली, म्हणून हे लिहितो आहे.

सुरुवात ठरलेली असते, तिथे निवडीला जागा नाही. चौक मांडला, कलश बसला, दिवटी पेटली, की गण, म्हणजे गणपतीचं स्तवन. मग देवांना बोलावणं. तुळजापूरची भवानी, माहूरची रेणुका, कोल्हापूरची अंबाबाई, वणीची सप्तशृंगी, जेजुरीचा खंडोबा, पंढरपूरचा विठोबा, एकेकाचं गाव घेऊन हाक घालायची. नव्या माणसाला वाटतं, ही पाठ केलेली यादी आहे, म्हणून टाकली की झालं. मलाही तसंच वाटायचं.

बावीस वर्षांचा असेन. सातारा जिल्ह्यातलं लग्नघर होतं. चुलत्यांचा घसा बसला होता, म्हणून बोलावणं माझ्याकडे आलं. मी जोरात गायलो, संबळही छान लागला होता. सगळे देव घेतले आणि पुढच्या पदाला हात घालणार, एवढ्यात घरातली म्हातारी आजी चौकापाशी येऊन उभी राहिली. डोक्यावरचा पदर सारखा करत हळूच म्हणाली, "बाळा, आमचा डोंगरावरचा देव अजून आला नाही. तो आल्याशिवाय सुनेनं चौकाला हात कसा लावायचा?" संबळ थांबला. घराचं कुलदैवत वाडी रत्नागिरीचा जोतिबा, आणि मी त्यालाच विसरलो होतो. विसरलो तरी कसा म्हणू, मी विचारलंच नव्हतं. चुलत्यांनी माझ्या हातातलं तुणतुणं घेतलं आणि बसलेल्या घशानेच जोतिबाला हाक घातली. मांडवातून "चांगभलं" उठलं तेव्हा ती आजी खाली बसली.

तेव्हापासून सुपारी घेतानाच विचारतो: कुलदैवत कोणतं, ग्रामदैवत कोणतं, गोंधळ लग्नाचा की नवसाचा, नवस असेल तर कशाचा, आणि घरात वर्षभरात कुणी गेलं आहे का. शेवटचा प्रश्न विचारायला अवघड जातो, तरी विचारायचाच. नवरा-नवरीची नावं नंतर कळली तरी चालतात.

खरी निवड सुरू होते ती आख्यानापाशी. रात्रीचा मोठा भाग त्यातच जातो. हरिश्चंद्र, प्रल्हाद, अंबरीष, कीचकवध, परशुराम-रेणुका अशी अनेक आख्यानं आपल्याकडे आहेत. चिलया बाळाचं आख्यान फार ताकदीचं, त्याच्या आईचं, चांगुणेचं दुःख नीट गायलं तर मांडवातली एक बाई कोरड्या डोळ्यांनी उठत नाही. पण आईबापांनी पाहुण्यासाठी पोटचं पोर कापायचं, ही कथा. शेवटी बाळ जिवंत होतं हे सगळ्यांना ठाऊक असतं, तरी मुलासाठी नवस फेडणाऱ्या घरात मी ती घेत नाही. कुणी फर्माईश केली तरी नाही. जांभूळ आख्यानाचंही तसंच. शाहीर विठ्ठल उमपांनी ते रंगभूमीवर गाजवलं, त्यामुळे मंचावर त्याची मागणी फार. द्रौपदीचं मन कर्णाकडे ओढ घेतं, हा विषय संपादणीने, म्हणजे संवाद आणि अभिनयातून कथा रंगवून, पेलायला मुरलेला नाईक लागतो. आठ दिवसांची नवरी सासू-सासऱ्यांसमोर बसली आहे आणि आपण ते आख्यान लावलं, तर तिने कुठे बघायचं? चुलते लग्नाच्या गोंधळात ते टाळायचे, मीही टाळतो. कथेत खोट नाही, त्या रात्री ती तिथली नाही, इतकंच.

दुसरा हिशेब गळ्याचा. मध्यरात्रीनंतर आवाज उतरतो, म्हणून चढ्या पट्टीची पदं आधी संपवायची. पहाटेसाठी मध्यसप्तकातली, संथ लयीची पदं हाताशी ठेवायची. पावसाळी हवेत संबळाचं कातडं सैल पडतं. ते शेकून घ्यायला वेळ लागतो, तेवढ्यात नुसत्या तुणतुण्यावर आणि टाळावर उभं राहील असं एखादं पद प्रत्येकाकडे हवंच. हे कुणी आपणहून सांगत नाही, पण अशी वेळ येते तेव्हा अख्खा फड तुमच्या तोंडाकडे बघतो.

सिनेमाच्या चालींबद्दल मुलं हमखास विचारतात. मधल्या पदाला लोकांच्या ओठांवरची चाल लावली तर मला चालतं. झोपलेली माणसं त्याने सावरून बसतात, आणि चाली उचलणं आपल्या मागच्या पिढ्यांनीही केलं आहे. गणाला, बोलावण्याला आणि आरतीला मात्र जुनीच चाल. चौकापाशी बसलेल्या म्हातारीला त्या चालीवर देव ओळखू येतो.

महोत्सवात वीस मिनिटं मिळतात. तिथे सगळं थोडं थोडं दाखवायचा मोह होतो आणि शेवटी काहीच लागत नाही. मी गण, छोटं बोलावणं आणि आख्यानातला एकच प्रसंग घेतो, तोही पूर्ण.

एक वही ठेवा. पदं लिहायला नाही, ती कानातून येऊ द्या. गाव, घराचा देव, काय गायलो, कुठे माणसं उठून गेली, कुठे जवळ सरकली, एवढं त्याच पहाटे लिहायचं. पाच-सात वर्षांनी त्याच घरातून धाकट्याच्या लग्नाची सुपारी येते, आणि थोरल्याच्या वेळी काय गायलो होतो ते घरच्यांच्या बरोबर लक्षात असतं.