ताप गेला, पण मूल पहिल्यासारखं वागत नाही? एडेममधल्या या चुका टाळा

सर्दी-ताप येऊन गेला, मूल पुन्हा शाळेत जाऊ लागलं. मग एके दिवशी ते विनाकारण चिडतं, चालताना झोकांड्या खातं, हाक मारली तरी ओ देत नाही. "अशक्तपणा आलाय" म्हणून घरात टॉनिक सुरू होतं. लहान मुलांच्या एडेम (अक्यूट डिसेमिनेटेड एन्सेफॅलोमायलायटिस) या आजारात सगळ्यात महागात पडणारी चूक हीच.

विषाणूशी लढायला उठलेली प्रतिकारशक्ती मेंदू आणि मज्जारज्जूतल्या मज्जातंतूंच्या मायलिन नावाच्या आवरणावर उलटते, तो हा आजार. बहुतेक मुलं 10 वर्षांच्या आतली असतात. मूळ संसर्ग आणि हा हल्ला यांत साधारण एक ते चार आठवड्यांचं अंतर पडतं, त्यामुळे दोन्हींचा संबंध चटकन लक्षात येत नाही. 2013 च्या आंतरराष्ट्रीय निकषांप्रमाणे एडेम म्हणायचं तर वागण्यात किंवा शुद्धीत बदल झालेला असावाच लागतो, आणि त्याचं कारण नुसता ताप नसावा. म्हणून "डॉक्टर, हा आमचा नेहमीचा पोरगा वाटत नाही" हे आईचं वाक्य निदानाच्या दृष्टीने फार मोलाचं आहे. ते संकोच न करता सांगा. नवस बोलायचा तर बोला, पण दवाखाना त्याच दिवशी गाठा.

डोळ्यांच्या बाबतीत तर हमखास फसायला होतं. लहान मूल "दिसत नाही" असं सांगत नाही. ते पुस्तक नाकाजवळ नेतं, दाराच्या चौकटीला धडकतं आणि आपण चष्म्याचा नंबर काढायला जातो. एकेक डोळा झाकून लाल झाकण दाखवा. एका डोळ्याला लाल रंग फिका दिसला किंवा डोळा फिरवताना दुखला, तर डोळ्याच्या नसेला सूज असू शकते. दोन्ही डोळ्यांच्या नसांना एकदम सूज आली, तर या चाचणीत फरक कळणार नाही, हेही लक्षात असू द्या. सकाळपासून लघवी झाली नाही आणि पाय लटपटतायत, तर मज्जारज्जूलाही सूज असल्याची शंका घ्यायची.

तपासण्यांतली मोठी चूक म्हणजे सीटी स्कॅन नॉर्मल आला म्हणून निर्धास्त होणं. एडेमचे मेंदूतले डाग सीटीत अनेकदा दिसतच नाहीत. मेंदूचा एमआरआय लागतोच, आणि पाय किंवा लघवीची तक्रार असेल तर मणक्याचाही. पाठीतलं पाणी काढलं की मूल अधू होतं, या भीतीने सही द्यायला नकार देऊ नका. सुई मज्जारज्जू जिथे संपतो त्याच्या खाली घालतात. मेंदूज्वर किंवा क्षयाचा मेनिंजायटिस वेगळा काढायला हे पाणी तपासावंच लागतं. मुलांना मेंदूज्वर आणणारा चांदीपुरा विषाणू 1965 मध्ये नागपूरजवळच्या ज्या गावात सापडला, त्याचंच नाव त्याला मिळालं. विदर्भात जपानी मेंदूज्वरही आढळतो. त्यामुळे खात्री होईपर्यंत डॉक्टर असायक्लोव्हिर हे विषाणूविरोधी औषध आणि अँटिबायोटिक सोबत चालू ठेवतात, तो गोंधळ नव्हे.

मॉग अँटिबॉडीची (मायलिनवरच्या मॉग या प्रथिनावर हल्ला करणाऱ्या प्रतिपिंडांची) रक्तचाचणी विसरू नका. एडेमच्या जवळपास निम्म्या मुलांत ती पॉझिटिव्ह येते. ती सेल-बेस्ड, म्हणजे पेशी वापरून करायच्या पद्धतीने करून घ्या, आणि प्लाझ्मा (रक्तातला द्रव भाग) बदलण्याचा उपचार ठरला असेल तर नमुना त्याआधी द्या. एमआरआयमध्ये पांढरे डाग दिसले म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस (मायलिनवर पुन्हा पुन्हा हल्ला होणारा आजार) च झाला, असं समजून खचू नका. एडेम बहुतेक मुलांत एकदाच येऊन जातो.

आता स्टेरॉइड. हा हल्ला शमवायला मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड 3 ते 5 दिवस शिरेतून देतात, पुढे गोळ्या हळूहळू कमी करत साधारण 4 ते 6 आठवडे. इथे घरोघरी तेच घडतं: मूल खेळायला लागतं, चेहरा गोल होतो, कुणीतरी "स्टेरॉइड वाईट असतं" म्हणतं आणि दहाव्या दिवशी गोळ्या बंद होतात. त्याने आजार उलटू शकतो. शिवाय शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड तयार होणं तोवर मंदावलेलं असतं, त्यामुळे उलट्या, ग्लानी, रक्तदाब उतरणं असे प्रकार होऊ शकतात. गोल चेहरा नंतर ओसरतो. रोजचा डोस कॅलेंडरवर लिहा, गोळी सकाळी खाऊन झाल्यावर द्या, मीठ कमी ठेवा, रक्तदाब मोजून घ्या. गोळी उलटून पडली, किंवा घरात-वर्गात कुणाला कांजिण्या झाल्या, तर त्याच दिवशी फोन करा.

लसींबद्दलची भीतीही समजून घ्यायला हवी. मेंढीच्या मेंदूपासून बनवलेल्या जुन्या रेबीज लसीने असा आजार होत असे, हे खरं आहे. पोटातली ती इंजेक्शनं आता इतिहासजमा झालीत. आजची रेबीज लस वेगळी आहे आणि कुत्रा चावल्यावर ती टाळणं जिवावर बेतेल. इतर लसी कायमच्या थांबवू नका, फक्त वेळ डॉक्टरांना विचारा: आयव्हीआयजीचा (शिरेतून देतात त्या प्रतिपिंडांचा) पूर्ण डोस झाला असेल तर गोवराची लस साधारण 11 महिने पुढे ढकलतात.

डिस्चार्ज मिळाला की फाइल कपाटात जाते. तसं करू नका. एमआरआयची सीडी मागून घ्या, फिल्मवर भागत नाही. काही महिन्यांनी परत स्कॅन होईल तेव्हा तुलनेला ती लागते. चालणं-बोलणं सुधारलं तरी काही मुलांचं लक्ष टिकत नाही, लिहिण्याचा वेग मंदावतो. शाळेत त्यांना आळशी ठरवतात, हे पाहून फार वाईट वाटतं. वर्गशिक्षकांना आजाराची कल्पना द्या, बालमानसतज्ज्ञांकडून चाचणी करून घ्या आणि परीक्षेत जादा वेळ मिळावा म्हणून लेखी अर्ज द्या.