बॅटरीवालं रॅचेट घेण्याची घाई

गॅरेजमध्ये शिकाऊ म्हणून लागलो तेव्हा साधं रॅचेट, म्हणजे बोल्ट फिरवायचा दातेदार पाना, हातात धरायची मला लाज वाटायची. बाजूच्या गाडीवर एक जण बॅटरीवाल्या रॅचेटने घर्र करून बोल्ट बाहेर काढायचा आणि मी आपला कट-कट-कट करत बसलेलो. पैसे साठवून मीही ते मशीन घेतलं. तिसऱ्याच दिवशी इंजिनाचं वरचं झाकण (व्हॉल्व्ह कव्हर) बसवताना खालच्या हेडमधले अ‍ॅल्युमिनियमचे आटे ओढून काढले.

बोल्ट होता ६ मिलिमीटरचा. अशा बोल्टला फार तर १० न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे पिळाचा जोर, पुरतो. माझं मशीन ५० लावणारं, आणि मी बटण पूर्ण दाबलेलं. हाताने आवळताना आधी वॉशर टेकतो, मग गास्केट (सांध्यातली पट्टी) दबतं, मग एकदम जडपणा येतो. मनगटाला हे सगळं वेगवेगळं कळतं. मशीनवर ते एका क्षणात उरकतं आणि मग बोल्ट नुसताच फिरत राहतो. ड्रिल करून, नवे आटे पाडून, आत इन्सर्ट (आटे असलेलं धातूचं अस्तर) बसवण्यात माझा अर्धा दिवस गेला. उस्तादांनी आठवडाभर मशीन कपाटात ठेवायला लावलं ते वेगळंच.

त्या आठवड्यात एक गैरसमज मात्र गेला. मला वाटायचं, मशीन म्हणजे जास्त ताकद. ३/८ इंची (हे सॉकेट बसायच्या चौकोनी टोकाचं माप) कॉर्डलेस, म्हणजे बॅटरीवालं, रॅचेट बहुतेक ४० ते ८० न्यूटन-मीटरच्या घरातलं असतं. साध्या रॅचेटच्या २५ सेंटिमीटर लांब दांड्यावर ४० किलोचा भार टाकलात तर जवळपास १०० होतात. म्हणजे गंजलेला बोल्ट सुटायचा तो हातानेच, किंवा ब्रेकर बारने, म्हणजे लांब दांड्याच्या पान्याने. इम्पॅक्ट रेंच ही वेगळी जात. ते आतून ठोके मारतं, म्हणून हाताला पीळ बसत नाही. कॉर्डलेस रॅचेटचा उलटा झटका मात्र सगळा आपल्या मनगटावर येतो. बोल्ट बसला की बोल्ट थांबतो आणि मशीनचा दांडा फिरतो. मध्ये बोटं असली तर ती इंजिनावर चेचतात. माझी एकदा चेचली आहेत.

मग मशीन घ्यायचं कशाला? मधल्या फेऱ्यांसाठी. समजा, बोल्ट ८ मिलिमीटरचा आहे, आटे ५० मिलिमीटर लांब आणि पिच, म्हणजे एका फेऱ्यात बोल्ट सरकतो ते अंतर, १.२५ मिलिमीटर. म्हणजे पुरे ४० फेरे. अडचणीच्या जागी दांडा एका वेळी ३० अंशच हलत असेल, तर हाताने ४८० हेलकावे. मिनिटाला २०० फेरे घेणारं मशीन हेच १२ सेकंदांत करतं. इथे मशीनला तोड नाही.

एक फजिती मात्र सांगायलाच हवी. बोल्ट सोडताना तो मागे सरकतो आणि रॅचेटलाही मागे ढकलतो. मागे चासीचा पत्रा असेल तर मशीनचं डोकं बोल्ट आणि पत्रा यांच्यात घट्ट अडकतं. अशा वेळी ओढाताण करू नका, दिशा उलटी करून दोन-चार फेरे परत आत घ्या. माझ्या वेळी दिशा बदलायचं बटणच नेमकं पत्र्याकडच्या बाजूला होतं. शेवटी बोल्टच्या मागचा पंखा उघडावा लागला.

आता माझी पद्धत अशी: पहिले दोन-तीन आटे बोटांनी, कारण तिरका लागलेला बोल्ट मशीनला कळत नाही. मधलं मशीनने, बटण अलगद दाबून, बोल्ट टेकायच्या आधी थांबून. शेवट टॉर्क रेंचने, म्हणजे ठरलेला टॉर्क मोजून लावणाऱ्या पान्याने. काढताना पहिली पकड साध्या रॅचेटने सोडवायची. काही मशीनं बंद ठेवून दांड्यासारखी वापरता येतात, पण ते पुस्तिकेत लिहिलं असेल तरच. नाहीतर डोक्यातले दाते जातात. पाइप घालून लांबी वाढवणं तर अजिबात नको.

पहिली खरेदी म्हणाल तर ३/८ इंची साधं रॅचेट, चपट्या डोक्याचं. दाते किती ते विचारा. ३६ दात्यांचं १० अंश हलवल्यावर पुढचा दाता पकडतं, ७२ चं ५ अंशांतच. फायरवॉलजवळ, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याजवळ, हात घातलात की हा फरक कळतो. मशीन नंतर घ्या आणि तुमच्या ड्रिलची बॅटरी ज्यात बसते तेच घ्या. नाहीतर दोन चार्जर सांभाळत बसाल, आणि हवी ती बॅटरी नेमकी रिकामी निघेल.