फॅशिया आणि पोश्चरवर हाताने काम करायला शिकायचंय? मग आधी थांबायला शिका

कोर्सची फी भरायच्या आधी एक काम करा, स्वतः दहा सेशन घ्या. ज्यांना स्ट्रक्चरल इंटिग्रेशन, म्हणजे फॅशियावर (स्नायूंभोवतीच्या पापुद्र्यावर) हाताने काम करून शरीराची ठेवण जुळवायचं हे काम, शिकायचंय त्या प्रत्येकाला मी पहिलं हेच सांगते आणि बरेचजण नाराज होतात, कारण त्यांना शाळेचं नाव आणि फी ऐकायची असते. ते पण सांगते पुढे. पण हे काम नुसतं वाचून हातात येत नाही, आधी ते आपल्या अंगावरून जावं लागतं. माझ्या तिसऱ्या सेशनला मी कुशीवर झोपलेली, सेशन देणाऱ्या बाईंनी शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधल्या जागेत फोअरआर्म ठेवला आणि मग काही केलंच नाही. म्हणजे मला तरी तसं वाटलं. चोळणं नाही, दाबणं नाही, हात ठेवलेला आणि वजन इतकं सावकाश सोडतायत की कळतही नव्हतं. थोड्या वेळाने माझा श्वास आपोआप त्या हाताखाली जाऊन पोचला, जिथे तो आधी कधी गेलेला मला आठवत नाही. उठून उभी राहिले तर त्या बाजूचा पाय जमिनीवर वेगळा टेकत होता. ते थांबणं माझ्या हातात यायला पुढे दोन वर्षं गेली, आणि हे शिकणं म्हणजे मुख्यतः तेवढंच आहे असं माझं आजही मत आहे.

थोडं मागचं सांगते कारण कुठलाही कोर्स घ्या, धागा तिथेच जातो. हे काम डॉ. आयडा रोल्फ या बाईंनी उभं केलं. जन्म १८९६, न्यूयॉर्कचा. १९२० मध्ये कोलंबिया युनिव्हर्सिटीतून बायोकेमिस्ट्रीत पीएचडी, मग रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये संशोधन. न्यूयॉर्कजवळ त्या योगासनंही शिकल्या होत्या, आसनांमुळे सांध्यात जागा होते ही गोष्ट त्यांच्या डोक्यात तिथून बसली. १९६०च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या एसालेन या शिबिर-केंद्रात त्यांचं नाव झालं, १९७१ मध्ये कोलोराडोत बोल्डरला त्यांच्या कामाची इन्स्टिट्यूट झाली, १९७९ ला त्या गेल्या. लोक या कामाला रोल्फिंग म्हणतात पण ते नाव रजिस्टर्ड आहे, त्या इन्स्टिट्यूटमधून शिकलेल्यांनीच ते लावायचं. बाकी सगळ्यांनी स्ट्रक्चरल इंटिग्रेशन म्हणायचं.

फॅशिया म्हणजे काय हे बघायचं असेल तर मटणाच्या दुकानात उभं राहा. मांडीचा तुकडा करताना खाटीक वरचा पांढरा चिवट पापुद्रा सुरीने ओढून काढतो ना, तो फॅशिया. तो फक्त वरून नसतो, स्नायूच्या आत, धाग्याधाग्याभोवती, हाडाभोवती, आतल्या अवयवांभोवती, सगळीकडे सलग असतो. मला आजीच्या गोधडीवरून हे नीट कळलं. गोधडीच्या एका कोपऱ्यातला टाका जास्त ओढला गेला की चुणी भलतीकडेच पडते, आणि आपण चुणी हाताने सपाट करत बसतो. म्हणून मान दुखतेय तर मान चोळा असं या कामात नसतं, मान कुठून ओढली जातेय ते शोधायचं असतं.

त्यासाठी रोल्फबाईंनी दहा सेशनचा क्रम लावला, प्रत्येक सेशन साधारण तास-दीड तासाचं. पहिली तीन वरवरच्या थरांची: पहिल्यात छाती आणि श्वास, दुसऱ्यात पावलं आणि पोटऱ्या, तिसऱ्यात कुशीची रेष. मग चार आत जाणारी: चौथ्यात मांडीच्या आतली बाजू, पाचव्यात पोट आणि त्याच्या मागचा सोआस स्नायू, सहाव्यात पाठीमागची बाजू आणि सेक्रम, म्हणजे कण्याच्या तळाचं त्रिकोणी हाड, सातव्यात डोकं, मान, जबडा. शेवटची तीन सगळं एकमेकांशी जुळवून द्यायची. शिकणाऱ्याला हा क्रम सुरुवातीला बंधन वाटतो, आपल्याला वाटतं समोरच्याचा खांदा दुखतोय तर लगेच खांद्यावर जाऊया. नका जाऊ. पायाला आधार मिळाल्याशिवाय वरचं मोकळं केलं तर ते राहत नाही, दोन दिवसात जैसे थे, आणि कधी कधी माणूस आधीपेक्षा जास्त आखडतो.

आता घरी काय करायचं, कारण कोर्स सुरू व्हायला वेळ असतो आणि हे फुकट आहे. डोक्याचा एक केस घ्या, पेपरच्या एका पानाखाली ठेवा, डोळे मिटा आणि बोटांनी शोधा. सापडला की दोन पानं, मग तीन. जोर लावला की केस सापडत नाही हे पहिल्या दिवशीच कळतं, बोट हलकं आणि हळू ठेवलं तरच सापडतो. रोज पाच मिनिटं, महिनाभर. माझ्या आईच्या बाळंतपणाला ज्या मालीशवाल्या मावशी यायच्या त्यांच्या बोटांना हे असंच कळायचं, कुठलंही शिक्षण नाही पण हात ठेवला की सांगायच्या, इथे धरलंय. आपल्याकडे तालमीत पैलवान एकमेकांची मालीश करतात तिथेही हे ज्ञान आहे. फरक एवढा की तिथे तेल भरपूर असतं आणि हात सरकत राहतो, आपल्या कामात तेल जवळजवळ नाहीच कारण हात घसरला तर थर पकडता येत नाही.

दुसरी सवय डोळ्यांची. घरातल्या सगळ्यांच्या चपला उलट्या करून ओळीने लावा, कुणाची टाच बाहेरून झिजलीय, कुणाची आतून, एकाच पायाची जास्त आहे का ते वहीत लिहा, आणि मग ती माणसं चालताना बघा. नंतर दादरच्या पुलावर नाहीतर कुठल्याही एसटी स्टँडवर दहा मिनिटं उभे राहा आणि फक्त एकच गोष्ट बघा, समजा आज फक्त हात. कोणाचा उजवा हात हलतो आणि डावा लटकलेला असतो. उद्या फक्त डोकं. चारच शब्द वापरायचे: झुकलंय, सरकलंय, वळलंय, वाकलंय, आणि कशाच्या तुलनेत तेही लिहायचं, म्हणजे 'छाती ओटीपोटाच्या मानाने मागे सरकलीय' असं. 'पोश्चर खराब' हा शब्द वहीत येऊ द्यायचा नाही, त्याने काहीच कळत नाही आणि पुढे तोच शब्द क्लायंटसमोर तोंडातून निघतो.

ॲनाटॉमीला पर्याय नाही, पाठांतर करावंच लागेल. स्नायू कुठून निघतो, कुठे लागतो, काय करतो, आणि मुख्य म्हणजे त्याच्या शेजारून कुठला मज्जातंतू आणि कुठली रक्तवाहिनी जाते. मांडीच्या वरच्या आतल्या त्रिकोणात, काखेत, गळ्याच्या पुढच्या बाजूला, गुडघ्यामागे बोट घालायच्या आधी तिथे काय आहे हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं पाहिजे.

शाळांचं सांगते. बोल्डरला सुरू झालेल्या संस्थेचं नाव आता डॉ. आयडा रोल्फ इन्स्टिट्यूट आहे, युरोपात म्युनिकला आणि ब्राझीलला साओ पाउलोला त्याच परंपरेत शिकवतात. टॉम मायर्स हे रोल्फबाईंकडेच शिकलेले, त्यांनी अमेरिकेतल्या मेन राज्यात स्वतःची पद्धत उभी केली, त्यात स्नायूंच्या लांब सलग रेषांवर भर आहे. हेलरवर्क म्हणून एक शाखा आहे, त्यात अकरा सेशन असतात. २००२ मध्ये या सगळ्या शाखांची एक आंतरराष्ट्रीय संघटना झाली, आयएएसआय, तुम्ही बघताय ती शाळा त्यांच्या यादीत आहे का ते तपासा. आणि शाळेला लेखी तीन प्रश्न विचारा: समोर शिक्षक उभा असताना मी किती तास प्रत्यक्ष हात लावणार, बाहेरच्या किती लोकांवर पूर्ण दहा सेशन करणार, आणि मला स्वतःला पूर्ण दहा मिळणार का. उत्तर गोलमोल आलं तर सोडून द्या. दोन दिवसांची मायोफॅशियल रिलीजची, म्हणजे स्नायू आणि फॅशिया हाताने सैल करायची, वर्कशॉपं चव घ्यायला ठीक आहेत, जरूर करा, पण त्या सर्टिफिकेटवर लोकांच्या अंगाला हात लावायला सुरुवात करू नका प्लीज.

परदेशात शिकायचं तर ट्यूशन, राहणं, विमान सगळं धरून खर्च अनेक लाखांत जातो, त्यामुळे कागद आधी बघा. अमेरिकेत प्रत्येक राज्याचा नियम वेगळा. बऱ्याच राज्यांत या कामाला मसाजचं लायसन्स लागतं आणि त्यासाठी एमब्लेक्स नावाची परीक्षा असते, न्यूयॉर्कमध्ये तर मसाजचंच १००० तासांचं शिक्षण मागतात. ज्या मुली एच-४ व्हिसावर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसामुळे मिळणाऱ्या व्हिसावर, तिथे आहेत त्यांना शिकता येतं पण वर्क परमिट हातात नसेल तर पैसे घेऊन एकही सेशन करता येत नाही, ओळखीत पण नाही, यात धोका पत्करू नका. भारतातून स्टुडंट व्हिसावर जाणार असाल तर त्या शाळेला परदेशी विद्यार्थी घ्यायची परवानगी आहे का हे आधी विचारा, सगळ्यांना नसते. आणि परत येऊन महाराष्ट्रात काम करणार असाल तर लक्षात ठेवा की या कोर्सने तुम्ही फिजिओथेरपिस्ट होत नाही. ती वेगळी डिग्री, वेगळी कौन्सिल, वेगळं रजिस्ट्रेशन. बोर्डावर तसं काही सूचित होईल असंही लिहू नका. आधीच फिजिओ असाल तर तुमच्यासाठी हे काम म्हणजे मोठी भर आहे, तुम्हाला रस्ता सोपा आहे.

हातांबद्दल नीट ऐका. पहिल्या वर्षी मी अंगठ्यांनी दाबत राहिले, मला वाटायचं जितकं खोल तितकं चांगलं. सहाव्या-सातव्या महिन्यात उजव्या अंगठ्याच्या मुळाशी इतकं दुखायला लागलं की कुकरचं झाकण लावता येईना. तीन महिने काम बंद ठेवावं लागलं. चूक ताकदीची नव्हती, टेबलाची उंची होती. टेबलाशेजारी सरळ उभं राहून हात मोकळे सोडले की मुठीची बोटं टेबलाला जेमतेम लागली पाहिजेत, माझं टेबल चांगलं चार बोटं वर होतं, त्यामुळे अंगाचं वजन खाली जायचंच नाही आणि सगळा भार अंगठ्यावर. आता मी मुठीचे सांधे, फोअरआर्म आणि कोपर वापरते, मागचा पाय लांब ठेवते आणि कमरेतून पुढे झुकते, वजन आपोआप उतरतं. कणीक मळताना खांदे वर उचलून मळणारी आणि अंग टाकून मळणारी यांच्यात जो फरक असतो तोच. हात ठेवा, पहिल्या अडथळ्यापर्यंत जा, तिथे थांबा, क्लायंटला सावकाश हालचाल करायला सांगा, गुडघा जरा वाकवा, टाच लांब करा, आणि तो थर हलला की त्याच्याबरोबर जा. तो हलायच्या आधी पुढे गेलात तर समोरचा श्वास रोखतो. श्वास रोखला म्हणजे तुम्ही घाई केलीत.

दावे करताना जपा. जुन्या लोकांची समजूत होती की हाताच्या उष्णतेने आणि दाबाने फॅशिया मेणासारखा मऊ होतो. २००३ मध्ये रॉबर्ट श्लाइप यांनी, जे स्वतः हेच काम करणारे आहेत, मांडलं की फॅशियात भरपूर मज्जातंतूंची टोकं असतात आणि हाताखाली जे सुटल्यासारखं वाटतं त्यात मज्जासंस्थेचा वाटा मोठा आहे. २००८ मध्ये गणिती मॉडेल करून दाखवलं गेलं की मांडीच्या बाहेरचा किंवा तळपायाचा जाड फॅशिया एक टक्का दाबायला किंवा सरकवायलाही हाताच्या आवाक्याबाहेरचा जोर लागतो. मला हे वाचून वाईट नाही वाटलं, उलट हलक्या आणि हळू हाताने जास्त का मिळतं याचं उत्तर मिळालं. तसंच, वाकडं उभं राहणं म्हणजे दुखणं असं सरळ गणित नाही. माझ्याकडे एक बाई आल्या होत्या, त्यांना कुणीतरी सांगितलेलं की तुमचं ओटीपोट फिरलंय, असंच राहिलं तर चालता येणार नाही. त्या दोन वर्षं खाली वाकत नव्हत्या, नातवाला उचललं नव्हतं. पहिल्या दिवशी मी टेबल वापरलंच नाही, फक्त त्यांना खुर्चीवरून उठ-बस करायला लावली आणि भीती कुठे बसलीय ते बघितलं. आपल्या एका वाक्याने माणूस इतका आखडू शकतो.

कुणाला हात लावायचा नाही तेही पाठ हवं. पायात रक्ताची गाठ असल्याची शंका, रक्त पातळ करायच्या गोळ्या, ताजं फ्रॅक्चर, ठिसूळ हाडं, ताप, अंगावर कुठे ताजी सूज, कॅन्सरचे उपचार चालू, गरोदरपण: डॉक्टरांशी बोलल्याशिवाय नाही. रात्री झोपू न देणारं दुखणं, कारण नसताना वजन घटणं, लघवी-शौचावरचा ताबा जाणं, मांड्यांच्या मध्ये बधिरपणा, यातलं काही ऐकलं तर सेशन तिथेच थांबवून दवाखान्यात पाठवा, शेवटच्या दोन गोष्टी असतील तर त्याच दिवशी.

आणि परवानगी. परदेशात क्लायंट आतल्या कपड्यांवर उभे राहतात, आपल्या बायका राहणार नाहीत आणि त्यांना तसं सांगूही नका, शॉर्ट्स आणि बिनबाह्यांचा टॉप चालतो. पोट, मांडीची आतली बाजू, छातीचा वरचा भाग, प्रत्येक वेळी वेगळं विचारायचं. सातव्या सेशनला ग्लोव्ह घालून तोंडाच्या आतून काम असतं, ते आदल्या सेशनलाच समजावून सांगा म्हणजे घरी जाऊन विचार करायला वेळ मिळतो. 'चालेल' असं तोंडाने म्हणताहेत पण बोटं चादर घट्ट धरतायत, तर ते नाही समजायचं.

कोर्स संपला की पहिली तीन माणसं निवडा, कायद्याने चालत असेल तिथे, आणि त्यांच्यावर पूर्ण दहा-दहा सेशन करा. आई-वडील नकोत, ते प्रत्येक वेळी बरं वाटलं म्हणतात. एक तरुण, एक साठीच्या पुढचं, एक दिवसभर बसून काम करणारं. प्रत्येक सेशनच्या आधी-नंतर समोरून, मागून, दोन्ही बाजूंनी फोटो, त्याच भिंतीसमोर, त्याच वेळी, अर्थात त्यांना विचारून. सेशन संपवताना मान, ओटीपोट आणि शेवटी स्टुलावर बसवून पाठ, एवढं केल्याशिवाय उठवू नका, नाहीतर चक्कर आल्यासारखं वाटतं. वहीत तुम्ही काय केलंत यापेक्षा ते उठल्यावर पहिलं वाक्य काय बोलले ते लिहा. दहावं सेशन झालं की दोन महिने थांबा आणि मग तिघांना परत बोलवा. त्या दिवशी टेबल उघडू नका, फक्त त्यांना चालताना बघा.