डबा उघडण्याआधी: सांबऱ्याच्या हंटरची तयारी

प्लास्टिकच्या किटमधून विमानाची छोटी प्रतिकृती जोडायची तर सगळ्यात आधी विमान ठरवा, आणि ‘हंटर करायचंय’ एवढं ठरवून भागत नाही. कुठल्या प्रकारचं, कुठल्या स्क्वाड्रनचं, कुठल्या धावपट्टीवरचं, कुठल्या महिन्यातलं, इतकं ठरलं की निम्मा शोध संपला. बेळगावात राहून हा छंद करणाऱ्याला विषय लांब शोधायलाही नको. १८ डिसेंबर १९६१ रोजी, गोवा मुक्तीच्या कारवाईत, पुण्याहून निघालेल्या बारा कॅनबेरा विमानांनी दाबोळीच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकले, आणि आपल्या बेळगावच्या सांबरा तळावरून उडालेल्या सहा हंटर लढाऊ विमानांनी बांबोळीच्या बिनतारी केंद्रावर रॉकेटं आणि तोफा चालवल्या. सांबऱ्याची ही हंटर १७ नंबरच्या, म्हणजे ‘गोल्डन ॲरोज’ स्क्वाड्रनची. पुढची सगळी यादी मी याच एका विमानाला धरून लिहितोय. तुमच्या मनात नॅट किंवा मारुत असं दुसरं लढाऊ विमान असेल, तरी प्रश्न हेच विचारायचे.

एक वही घाला. डाव्या पानावर प्रश्न, उजव्या पानावर उत्तर, आणि उत्तराखाली ते कुठून मिळालं ते: फोटो, पुस्तक, प्रत्यक्ष पाहिलं, कुणी सांगितलं, की नुसता आपला अंदाज. अंदाज पेन्सिलनं लिहायचा, बाकीचं पेननं. मोबाइलमध्ये फोटो साठवणं म्हणजे शोध नव्हे. लग्नाच्या आणि गणपतीच्या फोटोंत ते असे बुडतात की चाकाच्या खोबणीचा फोटो हवा असतो तेव्हा हळदीचा सापडतो. त्यामुळं प्रत्येक फोटोला नंबर द्या आणि तो नंबर वहीत उतरवा.

आता प्रकार. इथं घाई केलीत तर पुढं कितीही सुबक रंगकाम केलं तरी विमान चुकीचंच राहणार, म्हणून या कलमावर सर्वात जास्त वेळ घालवा. हंटर ब्रिटनच्या हॉकर कंपनीचे रचनाकार सिडनी कॅम यांच्या हाताखाली आकाराला आलं आणि २० जुलै १९५१ रोजी पहिल्यांदा उडालं. आपल्या हवाई दलात ते १९५७ पासून यायला लागलं. एका आसनाच्या त्या भारतीय आवृत्तीचं नाव मार्क ५६, आणि तिचा पाया ब्रिटिश एफ ६ चा. गंमत अशी, की बाजारात मिळणारी बरीच किट एफजीए ९ ची असतात. तो जमिनीवरच्या हल्ल्यासाठी घडवलेला पुढचा प्रकार. त्याच्या जवळची भारतीय आवृत्ती म्हणजे ५६ ए, आणि ती १९६५ च्या युद्धानंतरची. ती १९६१ साली सांबऱ्यात उभी असणं शक्यच नाही. तेव्हा डब्यावरच्या चित्रात आपल्या हवाई दलाचा तिरंगी गोल दिसला म्हणून हुरळू नका. आतली पानं उलगडा आणि भाग मोजा.

काय बघायचं? पंखाखाली आतल्या बाजूला लटकणाऱ्या मोठ्या २३० गॅलनच्या टाक्या ही एफजीए ९ ची ओळख. १९६१ च्या विमानाला त्या लावायच्या नाहीत. पंखाच्या पुढच्या कडेला बाहेरच्या भागात एक पायरी आहे, ती साच्यात नीट उतरली आहे का पाहा. नाकाखाली दोन फुगवटे असतात. चार ३० मिलिमीटर एडन तोफांच्या काडतुसांच्या पट्ट्यांचे सुटे दुवे त्यांत जमा व्हायचे, आणि ब्रिटिश मंडळींनी त्यांना एका नटीचं नाव देऊन टाकलं होतं. नटीचं नाव तुम्हाला कुठल्याही हंटरप्रेमीकडून हसत हसत कळेल. शेपटाशी, जेट पाइपच्या वर, ब्रेक पॅराशूटचं घर. भारतासाठीच्या ५६ मध्ये पॅराशूटची सोय होती, पण साध्या एफ ६ च्या किटमध्ये तो फुगवटा नसतो, म्हणजे पुट्टीनं किंवा प्लास्टिकच्या पत्र्यानं तो घडवावा लागेल. आणि शेजारी शेजारी दोन आसनं असलेलं रुंद नाक दिसलं, तर ते टी ६६, शिकाऊ वैमानिकांचं. डबा परत ठेवून द्या.

मापं स्वतः काढा. हंटरच्या पंखांचा विस्तार १०.२६ मीटर आणि लांबी १३.९८ मीटर. बहात्तरी मापात, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्शात, ते जवळपास १४.२ आणि १९.४ सेंटिमीटर होतं, अठ्ठेचाळिसात २१.४ आणि २९.१. कोरडी, म्हणजे गोंद न लावता, जुळवणी करून पट्टी लावा. एखादा मिलिमीटर इकडंतिकडं झाला तर सोडून द्या. पण आंतरजालावरून उतरवलेल्या आराखड्यावर पट्टी न लावता विसंबू नका. छापताना प्रिंटर कागदाला बसवण्यासाठी चित्र आक्रसतो, आणि मग आपण किटला नावं ठेवत बसतो.

फोटो गोळा करताना मथळ्यावर विश्वास ठेवायचा नाही, चित्रावर ठेवायचा. गोव्याच्या कारवाईचा म्हणून फिरणारा हंटरचा फोटो १९७१ चा असू शकतो. त्या युद्धात जैसलमेरहून उडून लोंगेवालाजवळचे रणगाडे टिपणारी हंटर खूप गाजली, त्यामुळं त्यांचे फोटोही मुबलक. टाक्या कुठल्या, मागं वाळू आहे की झाडी, जमिनीवरच्या माणसांचे कपडे कसे, यावरून साल पकडता येतं. मार्क ५६ चे भारतीय क्रमांक ‘बीए’नं सुरू होतात, क्रमांक वाचता आला तर तो वहीत मोठ्या अक्षरात लिहा, कारण पुढचा सगळा शोध त्या तीन आकड्यांना लटकलेला असतो. आकडे उलटे दिसले तर फोटोच उलटा छापलाय, आणि अशा फोटोवरून छद्मावरणाचा (कॅमोफ्लाजचा) नमुना उतरवला की डावं उजवं होऊन बसतं. एकाच विमानाच्या दोन्ही बाजूंचे फोटो मिळणं म्हणजे नशीब. एकच बाजू मिळाली तर दुसऱ्या बाजूपुढं पेन्सिलनं ‘अंदाज’.

काळ्या-पांढऱ्या फोटोत रंग शोधण्याची एक मर्यादा लक्षात असू द्या. केशरी आणि हिरवा पुष्कळदा एकाच करड्या छटेत येतात, आणि पोटाचा रंग चंदेरी की फिका राखाडी हे तर उन्हाच्या कोनावर ठरतं. चंदेरी रंग वळणावर चमकतो आणि सावलीत एकदम काळवंडतो, राखाडी तसा बदलत नाही. म्हणून पोटाच्या रंगासाठी एकच फोटो कधीच पुरत नाही. वेगवेगळ्या कोनांतले शेजारी शेजारी मांडून बघा.

वरचा रंग त्या मानानं सोपा. ब्रिटिश कारखान्यातून आलेल्या विमानावर गडद हिरवा आणि गडद समुद्री राखाडी, ब्रिटिश मानकाच्या ३८१सी या तक्त्यात त्यांचे क्रमांक ६४१ आणि ६३८. दुकानदाराला ‘मिलिटरी हिरवा’ सांगितलंत तर तो जीपचा रंग देईल. क्रमांक सांगा, आणि सुकलेला रंग खिडकीतल्या उजेडात बघा, ट्यूबलाइटखाली नको. गोलाचं म्हणाल तर बाहेर केशरी, मध्ये पांढरा, आत हिरवा. किटमधल्या डेकलचा, म्हणजे चिकटवायच्या छापील खुणांचा, केशरी कधी लालभडक तर कधी पिवळट निघतो, तेव्हा डब्यातलं डेकल हा पुरावा धरू नका. शेपटावरच्या पट्ट्यात कुठला रंग पुढच्या कडेला आहे तेही त्याच काळातल्या फोटोवरून ठरवा. आजच्या विमानावरून नको. याहून जुनं विमान करणार असाल तर नियम आणखी बदलतात. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर जपानी लाल गोळ्याशी गफलत होऊ नये म्हणून गोलातला लाल रंगच काढून टाकला होता, त्यामुळं तिथलं हरिकेन निळ्या छटांतलं. आपला तिरंगी गोल प्रजासत्ताकाबरोबरचा.

आता माणसं. या बाबतीत बेळगावकर भाग्यवान. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र शहरात, हवाई दलाची प्रशिक्षण शाळा सांबऱ्यात, आणि खानापूर, निपाणी, चंदगड, गडहिंग्लज या टापूत गल्लोगल्ली निवृत्त फौजी. हवाई दलातून निवृत्त झालेले आजोबा कुणाच्या ना कुणाच्या ओळखीत निघतातच. ओळखीतूनच जा, आणि जाताना फोटो मोठे छापून न्या. मोबाइलच्या पडद्यावर ऐंशीच्या पुढच्या डोळ्यांना काय दिसणार? आधी त्यांचा ट्रेड विचारा, कारण ज्याचा हात जिथं लागला तेच त्याला आठवतं. आर्मररला, म्हणजे शस्त्रं चढवणाऱ्याला, रॉकेटं कशी अडकवायची ते सांगता येतं पण पोटाचा रंग सांगता येईलच असं नाही, एअरफ्रेम फिटरला पत्र्यावरचे ओरखडे आठवतात, वैमानिकाला कॉकपिट. प्रश्नात उत्तर घालू नका. ‘काका, खालचा रंग राखाडी होता न्हवं?’ असं विचारलंत की ‘व्हय की’ म्हणतील आणि चहा मागवतील, तुमच्या वहीत काहीच पडणार नाही. ‘खालून विमान कसं दिसायचं?’ असं विचारा आणि गप्प बसा. कन्नड बोलणारे असतील तर त्यांच्या भाषेत बोलता येणारा मित्र बरोबर घ्या. जुन्या आठवणींपलीकडं, आजच्या तळाबद्दल, एक अक्षर विचारायचं नाही.

त्याला जोडूनच: सांबऱ्याचा विमानतळ प्रवाशांसाठी खुला असला तरी तळ हवाई दलाचा आहे. तिथं कुंपणाशी उभं राहून कॅमेरा काढायचा नाही, संदर्भासाठीसुद्धा.

प्रत्यक्ष विमान बघायला सर्वात जवळचं ठिकाण म्हणजे गोव्यात दाबोळीजवळ बोगमाळोचं नौदलाचं हवाई संग्रहालय. चोर्ला घाटानं सकाळी निघालात तर संध्याकाळी परत. नौदलाचं असल्यामुळं तिथं हंटर शोधू नका, पण हॉकरच्याच घराण्यातलं सी हॉक आहे, आणि त्या पिढीतल्या विमानांचे पत्रे कसे जोडलेले, चाकाच्या खोबणीत नळ्या किती आणि कशा वळलेल्या, कॅनॉपीची, म्हणजे वैमानिकावरच्या काचेची, चौकट किती जाड, हे सगळं तिथं हाताच्या अंतरावर दिसतं. राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं रात्री बसून बंगळूर गाठलंत तर एचएएलचं, म्हणजे हिंदुस्तान एअरोनॉटिक्सचं, संग्रहालय आहे. नॅट आणि मारुतवाल्यांनी तिथं जायलाच पाहिजे. मारुत कुर्ट टँक यांनी बंगळुरातच घडवलं, आणि ते पहिल्यांदा उडालं १७ जून १९६१ रोजी. दिल्लीला पालमचं हवाई दलाचं संग्रहालय सर्वात श्रीमंत, कधी कामानं गेलात तर अर्धा दिवस राखून ठेवा.

संग्रहालयात आकार बघायचा, रंगावर भिस्त ठेवायची नाही. उघड्यावर उभं असलेलं विमान दर काही वर्षांनी हाती येईल त्या इनॅमलनं रंगवलं जातं, तोफांची भोकं बुजवतात, काचेवरही रंग फासतात. फोटो काढताना जवळ जाऊन मोबाइलची रुंद लेन्स वापरलीत तर नाक गाजरासारखं लांबतं. चार पावलं मागं सरून झूम करा. प्रत्येक भागाचा एक फोटो लांबून, एक जवळून, आणि जवळच्या फोटोत पट्टी किंवा निदान स्वतःचा तळहात. खाली वाकून पोटाचे फोटो काढायला लाजू नका, नंतर कमी पडतात ते हेच.

वाचनालयाचं कलम थोडक्यात. बेळगावच्या सार्वजनिक वाचनालयात आणि ‘तरुण भारत’च्या जुन्या अंकांत डिसेंबर १९६१ चाळायला मिळतो का ते विचारा. वर्तमानपत्रातून विमानाचा क्रमांक मिळेल ही आशा नको, पण हवा कशी होती, गावात काय चाललं होतं, एवढं कळलं तरी विमान ज्यावर उभं करायचं तो पायाचा तुकडा जिवंत होतो. इंग्रजी कागदपत्रांत ‘बेळगावी’ शोधू नका, ते २०१४ नंतरचं. जुन्या कागदात सगळं ‘बेलगाम’ आहे.

मळवण्याचा विचार महिना बघून करा. आमच्याकडं डिसेंबर कोरडा. चाकांवर धूळ चढेल, चिखल नाही. ही विमानं तेव्हा हवाई दलात येऊन फार वर्षं झाली नव्हती, त्यामुळं रंगाचे पोपडे उडालेलं म्हातारं हंटर करण्याचा मोह आवरा. तोफांच्या तोंडाशी काजळी चालेल. गोव्यात पोर्तुगालचं लढाऊ विमान नव्हतंच, तेव्हा पाडलेल्या विमानांच्या खुणा नाकावर रंगवण्याचा प्रश्न मिटला. आणि पत्र्यांच्या सांध्यांच्या खाचा किती रुंद करायच्या ते मापाला विचारा: बहात्तरीत ०.२ मिलिमीटरची रेघ म्हणजे खऱ्या विमानावर जवळजवळ दीड सेंटिमीटरची फट. हंटरचा पत्रा त्या मानानं गुळगुळीत होता.

रॉकेटांचं काम शेवटी ठेवा. किटमध्ये बॉम्ब, क्षेपणास्त्रं, सगळं भरभरून देतात. बांबोळीवर रॉकेटं आणि तोफा वापरल्या एवढं पक्कं आहे. रॉकेटं कुठल्या जातीची, किती आणि पंखाखालच्या कुठल्या हुकावर, हे त्याच काळातल्या फोटोत किंवा आर्मरर आजोबांच्या बोलण्यात सापडलं तरच लावा, नाहीतर पंख मोकळे ठेवा. रंग आणि डेकल मागवायचे तर पाऊस सरल्यावर मागवा. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्या दमट हवेत लॅकर फवारलात तर वर पांढुरकी साय धरते, आणि तेवढे दोन महिने वही भरायला बरे.

पायाच्या पट्टीवर काय लिहायचं तेही आधीच ठरवा. क्रमांक आणि त्या दिवशीची हजेरी दोन्ही पेननं लिहिलेल्या पानावर असतील तर ‘१८ डिसेंबर १९६१’ लिहा. क्रमांक पेनचा आणि हजेरी पेन्सिलची असेल तर फक्त ‘हंटर मार्क ५६, सांबरा, १९६१’. दोन्ही पेन्सिलचे असतील तर ‘हंटर मार्क ५६, भारतीय हवाई दल’ एवढंच, आणि उरलेली जागा कोरी.