रबर ताणलं की रुंदी किती घटते, ते घरी कसं मोजायचं

पंक्चरच्या दुकानात ट्रॅक्टरची फाटकी ट्यूब सहज भेटते. तिची 30 सेंटीमीटर लांब अन् 5 रुंद अशी पट्टी कापा. सायकलची ट्यूब नको, ती लई वळते. मधोमध पांढऱ्या पेननं 10 सेंटीमीटर अंतरावर दोन आडव्या रेघा मारा, दोन्ही टोकं लाकडी पट्ट्यांत घट्ट दाबा अन् ताणून फळीवर खिळ्यांनी अडकवा.

रुंदी मोजायची ती फक्त मधात. टोकापाशी लाकडानं रबर धरून ठेवलेलं असते, तिथं त्याला आखडताच येत नाही. व्हर्नियरही (जबड्यात धरून मोजायचं साधन) लावू नका, रबर दबते. बाजूला मोजपट्टी ठेवून मोबाइलनं वरून सरळ फोटो काढा.

आता हिशोब, अन् इथंच सगळे अडकतात. पुस्तकातली रीत अशी, की रुंदी मुळाच्या किती हिश्श्यानं घटली त्याला लांबी किती हिश्श्यानं वाढली त्यानं भागा, हेच पॉयसनचं गुणोत्तर, रबराचं जवळपास 0.5. पोट्टे पट्टी दीडपट ताणतात, 10 चे 15 होतात, रुंदी 5 ची 4.1 वर येते, म्हणजे 0.18 भागिले 0.5, उत्तर 0.36! मग कोणी म्हणते रबर खराब आहे, कोणी म्हणते 0.5 लिहून टाका. आकडा जुळवायला लावणं मला बिलकुल पटत नाही, पोट्ट्यानं बरोबर मोजलं असते.

ती रीत अगदी थोड्या ताणासाठी आहे. अन् थोडंच ताणा म्हणणाऱ्यांचंही ऐकू नका, 5 टक्के ताणलं तर रुंदी जेमतेम सव्वा मिलिमीटर घटते, मोजपट्टीवर ते काय दिसणार?

त्यापेक्षा बिनधास्त ताणा अन् घनफळ तपासा. रबराचं घनफळ ताणून जवळपास बदलत नाही, लांबी वाढली की रुंदी अन् जाडी सारख्याच प्रमाणात घटतात. म्हणून 4.1 भागिले 5 म्हणजे 0.82, त्याचा वर्ग 0.67, गुणिले 1.5, आलं 1 च्या आसपास. 1 आलं म्हणजे घनफळ बदललं नाही, अन् घनफळ बदललं नाही की गुणोत्तर 0.5 च आहे. दुप्पट ताणली तर रुंदी साधारण 3.5 भरली पाहिजे.

स्टीलचं गुणोत्तर 0.3 च्या जवळपास, पण ते ह्या पद्धतीनं मोजत बसू नका, ते ताणतच नाही तेवढं. नाडीतलं इलास्टिकही नको, त्यात सुताची वीण असते, ती आपल्या परीनं आखडते.

शेवटी पट्टी सैल सोडून रेघांमधलं अंतर परत मोजा. 10 च्या जागी साडेदहा भरलं तर ट्यूब मेलेली आहे, दुसरी आणा.